धातूसुद्धा मुरतो : किंग्स्टन, बेळगाव आणि न दिसणारे कण



टोरांटोहून मॉन्ट्रियलला ४०१ वरून निघालं की साधारण निम्म्या वाटेवर किंग्स्टन लागतं. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना थाउजंड आयलंड्सची बोट दाखवायला तिथे नेतो. येता येता क्वीन्स युनिव्हर्सिटी दाखवतो, आणि २०१३ साली बंद झालेला तो जुना तुरुंगसुद्धा. पण त्याच गावात अल्कन कंपनीची ॲल्युमिनियमची एक मोठी प्रयोगशाळा होती, हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही. आपल्यातल्याही बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. आज कॅनडा-अमेरिकेच्या रस्त्यांवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या ज्या गाड्या धावतात, त्यांच्या पत्र्याचा बराचसा अभ्यास या गावात झाला. या गोष्टीचा एक धागा थेट बेळगाव, कळवा आणि तळोज्यापर्यंत जातो.

माझा धंदा धातूंचा. ऑन्टॅरिओत गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत माझी वीसेक वर्षं गेली. आपल्याकडे सॉफ्टवेअरवाले आणि डॉक्टर मंडळी पुष्कळ, धातुवाले मोजकेच. त्यामुळे "तू नक्की करतोस काय?" हा प्रश्न मला दर गणपतीत एकदा तरी येतो. मी उत्तर देतो, "लोणचं मुरलं की नाही ते बघतो." लोक हसतात, पण मी ते गमतीनं म्हणत नाही. काही मिश्रधातू खरोखरच मुरतात. ते कधी, किती आणि कुठवर मुरतील याचं गणित मांडायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांची ही गोष्ट. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

१) शनिवार ते सोमवार

१९०६ साल, बर्लिनजवळचं नॉयबाबेल्सबर्ग. आल्फ्रेड विल्म नावाचा धातुशास्त्रज्ञ ॲल्युमिनियम कठीण करायच्या मागे लागला होता. पोलादाला लोहार जसं पाणी देतो, तसं ॲल्युमिनियमला देऊन बघावं, असं त्याच्या मनात होतं. त्यानं ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि किंचित मॅग्नेशियम घातलं, पाचशे अंशांच्या वर तापवलं आणि पाण्यात बुडवलं. कठीणपणा मोजला, तर विशेष काही नाही. कथा अशी सांगतात की त्या दिवशी शनिवार होता. उरलेली मोजमापं सोमवारवर ढकलून मंडळी घरी गेली, आणि सोमवारी तोच तुकडा चांगलाच कठीण झालेला निघाला. दोन दिवसांत त्याला कुणी हातही लावला नव्हता.

या मिश्रधातूला पुढे ड्युरॅल्युमिन हे नाव मिळालं, ड्युरेन गावच्या कारखान्यावरून. पहिल्या महायुद्धातल्या झेपलिन विमानांचे सांगाडे याच धातूचे होते. म्हणजे माल बनत होता, खपत होता, हवेत उडत होता, आणि तो कठीण का होतो हे मात्र जगात कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याकडे आजीला मिठाचं रसायन माहीत नसतं, तरी लोणचं बिघडत नाही. तसंच हे.

त्याहून मजेची गोष्ट म्हणजे राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या इंजिनाचं कवच ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या ओतीव मिश्रधातूचं होतं. १९९४ साली गेल आणि गुडवे या दोन अमेरिकन संशोधकांनी त्याचा बारीकसा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. त्यात तेच बारीक कण सापडले, ज्यांच्यामुळे विल्मचा तुकडा कठीण झाला होता. म्हणजे विल्मच्या तीन वर्षं आधी धातू मुरून हवेत उडालाही होता, आणि उडवणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

कारण सांगितलं ते १९१९ साली, वॉशिंग्टनच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या मेरिका, वॉल्टेनबर्ग आणि स्कॉट या तिघांनी. त्यांचं म्हणणं साधं होतं. गरम चहात साखर जास्त विरघळते आणि गार होताना तळाशी बसते, तसं गरम ॲल्युमिनियममध्ये तांबं जास्त विरघळतं. एकदम गार केलं की तांब्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि ते आत कोंडून राहतं. मग हळूहळू ते अतिशय बारीक कणांच्या रूपानं वेगळं व्हायला लागतं, आणि हे कण धातूला कठीण करतात. अडचण एकच होती. हे कण त्या काळच्या कुठल्याही सूक्ष्मदर्शकात दिसत नव्हते. न दिसणाऱ्या कणांवर विश्वास ठेवून या तिघांनी सिद्धान्त मांडला. कणांचा पुरावा हाती यायला १९३८ उजाडलं. फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी एकमेकांना न विचारता क्ष-किरणांनी तांब्याचे पापुद्रे पकडले, जेमतेम एका अणूच्या जाडीचे.

या तिघांतला पॉल मेरिका पुढे इंटरनॅशनल निकेलमध्ये गेला आणि तिच्या अध्यक्षपदापर्यंत पोचला. इंटरनॅशनल निकेल म्हणजे आपल्या सडबरीच्या खाणींची इन्को. अशा रीतीनं हा विषय पहिल्या पिढीतच कॅनडाशी बांधला गेला.

२) तूप, कुल्फी आणि तर्री

आता कण कसे वाढतात ते बघू. हे पुस्तकातून समजायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात ते आधीपासून चाललेलं होतं.

पहिला टप्पा जन्माचा. कढवलेलं तूप ओट्यावर हळूहळू निवू दिलं की छान रवाळ होतं. तेच लगेच फ्रीजमध्ये ठेवलं की गुळगुळीत, मेणासारखं होतं. हळू निवताना रव्याचे दाणे मोजकेच जन्मतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर तूप येतं. झटकन गार केलं की एकदम लाखो दाणे जन्मतात आणि कुणालाच पोटभर मिळत नाही. धातूमध्येही नेमकं हेच होतं. फरक इतकाच की आपल्याला तुपाचा रवा मोठा हवा असतो आणि धातूचा बारीक.

दुसरा टप्पा वाढीचा. जन्मलेला कण आजूबाजूचे विरघळलेले अणू ओढून घेतो. अणूंना घन धातूतून वाट काढत यावं लागतं, आणि तेही शेजारची जागा रिकामी असेल तेव्हाच. त्यामुळे ही चाल मंद असते आणि तापमानावर फार अवलंबून असते.

तिसरा टप्पा सगळ्यात रंजक. फ्रीझरमध्ये महिनाभर राहिलेली कुल्फी काढा. ती कचकचीत लागते, दाताखाली बर्फाचे खडे येतात. कुणी त्यात जास्तीचं पाणी घातलेलं नसतं. बारीक बर्फकण विरघळून गेलेले असतात आणि त्यांचं पाणी मोठ्या कणांना जाऊन चिकटलेलं असतं. मोठा मासा लहान माशाला खातो, पण इथे तोंडानं नाही, लांबूनच. लहान कणाच्या पृष्ठभागावरच्या अणूला धरून ठेवणारे शेजारी कमी असतात, म्हणून तो चटकन सुटतो. मोठ्या कणावरचा अणू घट्ट बसलेला असतो. परिणामी लहान कण झिजत जातात आणि मोठे फुगत जातात. १९०० च्या सुमारास विल्हेल्म ओस्टवाल्डनं पाऱ्याच्या ऑक्साइडच्या बारीक आणि जाड भुकटीवर प्रयोग करून हे मांडलं, म्हणून याला 'ओस्टवाल्ड रायपनिंग' म्हणतात. रायपनिंग, म्हणजे पिकणं. आंब्याच्या अढीला शोभणारा शब्द.

आणि चौथी गोष्ट, विलीन होणं. मिसळीच्या तर्रीवर तेलाचे थेंब तरंगत असतात. दोन थेंब जवळ आले, एकमेकांना टेकले की क्षणात एक मोठा थेंब होतो. धातूतही कण दाटीवाटीनं असले की वाढता वाढता एकमेकांना टेकतात आणि काही वेळा एक होतात. "काही वेळा" हे महत्त्वाचं. जेट इंजिनात वापरतात त्या निकेलच्या मिश्रधातूंत कणाच्या आत अणूंची एक ठरावीक मांडणी असते, आणि ती चार प्रकारे सुरू होऊ शकते. दोन शेजारी कणांची मांडणी जुळली तरच ते एकजीव होतात, नाही तर मध्ये बांध राहतो. म्हणजे पत्रिका जुळण्याची शक्यता चारात एक! आपल्याकडची सोयरीक यापेक्षा सोपी म्हणायची.

कण बारीक की जाड, याला इतकं महत्त्व का? धातू वाकतो म्हणजे त्याच्या आत डिसलोकेशन नावाच्या दोषरेषा सरकतात. मोठी सतरंजी अख्खी ओढत नेण्याऐवजी तिला एक सुरकुती पाडून ती पुढे पुढे ढकलावी, तसं. कण म्हणजे या सुरकुतीच्या वाटेतले खडे. खूपच बारीक असतील तर रेषा त्यांना कापून जाते. वाढून मोठे आणि विरळ झाले तर दोन खड्यांमधून वाट काढते. मधल्या एका आकाराला मात्र ती अडकते. त्या क्षणी धातू सगळ्यात बळकट असतो. त्याआधी तो कच्चा आणि त्यानंतर उतरलेला. आपण दुकानातून जी बळकटी विकत घेतो, ती म्हणजे एका चालत्या प्रक्रियेचा नेमक्या वेळी धरून ठेवलेला क्षण आहे. तो कधी धरायचा हे आधी सांगता आलं पाहिजे, म्हणून गणित हवं.

३) खारकोव्ह आणि ग्यॉटिंगेन

ते गणित एकाच वेळी दोन ठिकाणी सुटलं. सोव्हिएत युनियनमधल्या खारकोव्हला इल्या लिफ्शिट्झ आणि विताली स्ल्योझोव्ह यांनी १९५८ साली रशियन भाषेत ते मांडलं, आणि १९६१ साली त्यांचा इंग्रजी निबंध आला. त्याच १९६१ साली जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या कार्ल वाग्नरनं स्वतंत्रपणे तेच उत्तर काढलं. दोन्हींचं सार एका वाक्यात सांगता येतं: कणांच्या सरासरी त्रिज्येचा घन वेळेच्या प्रमाणात वाढतो.

म्हणजे अगदी बारीक कणांपासून दहा नॅनोमीटरपर्यंत पोचायला एक दिवस लागला असेल, तर वीस नॅनोमीटरला आठ दिवस लागतील आणि तीसला सत्तावीस. (माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे अंदाज येईल.) दुसरं भाकीत असं की बराच काळ लोटला की सगळ्यांत मोठा कण सरासरीच्या दीडपटीपेक्षा मोठा नसतो. पहिलं भाकीत निकेलच्या मिश्रधातूंत बऱ्यापैकी खरं ठरलं. दुसरं मात्र बसेना. सूक्ष्मदर्शकात दीडपटीहून मोठे कण सर्रास दिसायचे.

कारण उघड होतं. हे सूत्र काढताना कण एकमेकांपासून फार फार लांब आहेत असं धरलं होतं, एखाद्या सास्काचवानच्या शेतातल्या घरांसारखे. खऱ्या धातूत ते दादरच्या चाळीसारखे राहतात. शेजाऱ्याचा परिणाम होतो, आणि काही जण एकत्र येतात. १९८० साली लंडनच्या डेव्हिस, नॅश आणि स्टीव्हन्स या तिघांनी कणांच्या गाठी पडणं आणि विलीन होणं हिशोबात धरून दाखवलं, आणि मग प्रत्यक्षात दिसणारे ते मोठे कण कुठून आले याचा उलगडा व्हायला लागला.

४) हॅमिल्टनची दिंडी

आता परत कॅनडात येऊ. इथे या विषयाचं मोठं घराणं हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात उभं राहिलं. स्टेल्को आणि डोफास्को या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात जॉन कर्कल्डी आणि त्यांचे विद्यार्थी गॅरी पर्डी यांनी १९६० च्या दशकात एक मूलभूत प्रश्न घेतला. मिश्रधातूत एकच नाही, दोन-तीन परके अणू असतील, आणि त्यांची चाल अगदी वेगवेगळी असेल, तर नवा कण कुणाच्या चालीनं वाढणार?

पोलादातला कार्बन चपळ असतो आणि मँगनीज अतिशय मंद. मला हे पंढरीच्या दिंडीसारखं वाटतं. दिंडीत तरुण पोरं असतात आणि म्हातारेकोतारे असतात. सगळ्यांनी मिळूनच पुढे जायचं ठरवलं तर दिंडी म्हाताऱ्यांच्या चालीनं सरकते. आणि घाईच असेल, तर तरुण पुढे निघून जातात आणि म्हातारे जिथल्या तिथे राहतात. पर्डी, वायखर्ट आणि कर्कल्डी यांनी १९६४ साली लोह-कार्बन-मँगनीजच्या पोलादात या दोन्ही तऱ्हा कशा होतात ते मांडलं. जोर जास्त असेल तर मँगनीजला मागे-पुढे न हलवताच कणाची सीमा पळते. जोर कमी असेल तर मँगनीजसाठी थांबावं लागतं आणि सगळं काम हजारो पटींनी मंदावतं. आजची कुठलीही संगणकी प्रणाली कणांची वाढ काढताना हा प्रश्न आधी सोडवते. कर्कल्डी आणि यंग यांचं १९८७ सालचं घन पदार्थांतल्या डिफ्यूजनवरचं पुस्तक या विषयातल्या माणसाच्या कपाटात असतंच.

दुसरं घराणं मॉन्ट्रियलचं. कण जन्मेल की नाही हे ठरवायला प्रत्येक मिश्रणाची ऊर्जा माहीत हवी. १९७६ च्या सुमारास मॅकगिल आणि एकोल पॉलिटेक्निकच्या टॉमसन, बेल आणि पेल्टन या तिघांनी अशी माहिती संगणकात भरायला घेतली. त्यांच्या प्रणालीचं नाव फॅक्ट. २००१ साली ती एका जर्मन प्रणालीशी जोडली गेली आणि फॅक्टसेज झाली. आज जगभरचे धातुवाले ती वापरतात. पुढे मॅकगिलच्याच मार्टिन ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००२ साली फेज-फील्डचा असा एक नवा प्रकार मांडला, ज्यात अणूंची रचनाही धरता येते. फेज-फील्ड पद्धतीत कणाची हद्द वेगळी आखून ठेवावी लागत नाही. त्यामुळे दोन कण एकमेकांत मिसळले तर गणित आपोआप त्यांना एक करतं, आपल्याला चोपडीत नाव खोडावं लागत नाही.

आणि चोपडीचं काम करणारं गणितही आलं. अमेरिकेत लँगर आणि श्वार्ट्झ यांनी १९८० साली, तर जर्मनीत काम्पमान आणि (दुसरे) वाग्नर यांनी १९८४ साली ते केलं. त्याची कल्पना अगदी शाळेच्या हजेरीपटासारखी आहे. कणांचे उंचीप्रमाणे वर्ग करायचे: एक नॅनोमीटरवाले, दोनवाले, तीनवाले. मग दर क्षणाला विचारायचं, आज किती नवे दाखल झाले? कुठल्या वर्गातून किती वर गेले? किती खाली उतरले? किती जणांचं नाव पटावरून गेलं? आणि धातूत विरघळलेला माल किती उरला? हे लाखो वेळा करायचं. जन्म, वाढ आणि लहानांचं नाहीसं होणं या तीन वेगळ्या कथा न राहता एकच कथा होते.

५) रंगाच्या भट्टीतली वीस मिनिटं

आता किंग्स्टन. अल्कनची ॲल्युमिनियम वितळवण्याची मोठी भट्टी क्वेबेकमधल्या आरव्हिदाला १९२६ साली सुरू झाली होती. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी पत्र्याची गरज पडली आणि किंग्स्टनला पत्र्याचा कारखाना आणि त्याच्या जोडीला प्रयोगशाळा वाढली. युद्धानंतर पत्र्याला नवं गिऱ्हाईक शोधायचं होतं. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर हलक्या गाड्यांची गरज वाढली, आणि मोटारींचा पत्रा हा प्रयोगशाळेचा मोठा विषय झाला.

मोटारीच्या पत्र्याकडून दोन उलट्या अपेक्षा असतात. प्रेसमध्ये बॉनेट किंवा दरवाजा घडवताना तो मऊ हवा, नाही तर फाटतो. गाडी तयार झाल्यावर तो कठीण हवा, नाही तर गारपिटीत पोचे पडतात. दोन्ही जमवायची युक्ती अशी की रंग लावल्यावर गाडी साधारण १७० ते १८० अंशांच्या भट्टीतून वीस-तीस मिनिटं जातेच. तेवढ्या वेळात पत्रा मुरवून घ्यायचा! भट्टी रंगासाठी, फायदा पत्र्याला. ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि थोडं तांबं घातलेला ६१११ हा मिश्रधातू यासाठीच.

पण इथे एक गोम आहे. पत्रा कारखान्यातून निघाल्यावर प्रेसवर चढेपर्यंत काही आठवडे गोदामात पडून असतो. त्या काळात तो थंडच असतो, पण स्वस्थ नसतो. मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू एकत्र येऊन छोटे छोटे पुंजके करतात. हे पुंजके इतके बारीक की त्यांना कण म्हणणंही जड जातं. भट्टीत गेल्यावर ते चटकन विरघळत नाहीत आणि खऱ्या कणांना लागणारा माल अडवून धरतात. नतीजा: पत्रा प्रेसवर हवा त्यापेक्षा कडक, आणि भट्टीनंतर हवा त्यापेक्षा मऊ. इंग्लंडच्या पॅशली आणि सहकाऱ्यांनी १९६६ सालीच हे दाखवलं होतं. त्यावरचा उपाय असा की पाणी दिल्यानंतर पत्रा पूर्ण गार न करता थोड्या उबेत गुंडाळायचा, म्हणजे भट्टीत कामाला येतील असेच पुंजके आधीच बसतात. दह्याला विरजण लावतो तसं. विरजण कोमट दुधात लावतात, गार दुधात नाही, हे कुठल्याही गृहिणीला विचारा.

किती ऊब, किती वेळ? प्रत्येक जाडीला, प्रत्येक ऋतूला वेगळं उत्तर. इथे किंग्स्टनच्या डेव्हिड लॉइड यांचं नाव घ्यायला हवं, आणि त्यांच्याबरोबर या मिश्रधातूंतल्या कणांच्या जन्माचे टप्पे मोजणाऱ्या ए. के. गुप्ता यांचंही. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात वॉरन पूल आणि त्यांच्या तेव्हाच्या विद्यार्थिनी शाहरझाद एस्माइली यांनी लॉइड यांच्याबरोबर ६१११ चं मॉडेल बांधलं. ते २००३ साली प्रसिद्ध झालं. गोदामात मुरलेला पत्रा भट्टीत गेला तर कोणत्या मिनिटाला किती कठीण असेल, हे ते सांगतं.

त्यांची युक्ती मला फार आवडते. लाखो कण मोजणं अशक्य. पण कण जन्मताना अगदी किंचित उष्णता बाहेर टाकतो. त्यांनी पत्र्याचा तुकडा स्थिर तापमानात ठेवून ती उष्णता मोजली आणि एकूण किती माल कणांत गेला ते त्यावरून काढलं. बंद खोलीबाहेर उभं राहून आतल्या गलक्यावरून किती माणसं जमली ते ओळखावं, तसं.

हे सगळं कागदावरचं वाटेल, म्हणून माझा एक अनुभव. मी ज्या एका कारखान्यात काम करत होतो (नाव सांगत नाही), तिथे नाताळच्या सुट्टीआधी पत्र्याच्या काही गुंडाळ्या आल्या आणि मागे पडून राहिल्या. पुढचा माल आधी वापरला गेला. मार्चमध्ये त्या प्रेसवर चढल्या आणि दुमडीच्या कडेला चिरा पडायला लागल्या. दोन आठवडे प्रेस, साचा, तेल, कामगार, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पत्र्याचे कागद तर चोख होते, पास झालेला माल! पास झाला होता तो डिसेंबरमध्ये, हे कुणाच्या ध्यानात येईना. शेवटी गुंडाळ्यांच्या तारखा आणि चिरांची नोंद शेजारी शेजारी मांडली तेव्हा सगळं स्पष्ट झालं. धातू वाट बघत नव्हता, मुरत होता. त्यानंतर तिथे 'आधी आलेला माल आधी' असा नियम लागला. फळवाल्याला हे शिकवावं लागत नाही, पण धातू निर्जीव आहे या समजापायी आम्हा शिकलेल्यांना शिकवावं लागलं.

२०१५ च्या मॉडेलपासून फोर्डनं एफ-१५० ट्रकची बॉडी ॲल्युमिनियमची केली, तेव्हा या विषयाला अचानक भाव आला. तो पत्रा पुरवणाऱ्यांतली एक मोठी कंपनी नोव्हेलिस.

६) बेळगाव

आणि इथे गोष्ट आपल्या घरी येते. नोव्हेलिस म्हणजे अल्कनच्या पत्रा-व्यवसायाचा २००५ साली वेगळा काढलेला भाग. किंग्स्टनचा कारखाना तिच्याकडे गेला. २००७ साली ही कंपनी कुणी विकत घेतली? मुंबईच्या हिंडाल्कोनं, कर्ज धरून सुमारे सहा अब्ज डॉलरला.

आता थोडं मागे जाऊ. १९३८ साली भारतात इंडियन ॲल्युमिनियम कंपनी निघाली, आपण जिला इंडाल म्हणायचो ती. तिची सूत्रं अल्कनच्या हाती होती. १९४३ साली केरळात अलवायला तिनं भारतातलं पहिलं ॲल्युमिनियम काढलं. पुढे बेळगावला तिचा कारखाना आला. ठाण्याजवळ कळव्याला फॉइल आणि पनवेलजवळ तळोज्याला पत्रा. बेळगावात "इंडालमध्ये लागला" म्हणजे मुलीच्या बापानं आणखी चौकशी करायची गरज नसे. त्या काळी तंत्र कॅनडातून यायचं, आणि आपले इंजिनियर ते शिकायचे. २००० साली हिंडाल्कोनं इंडालमधला अल्कनचा हिस्सा घेतला, आणि सात वर्षांनी खुद्द किंग्स्टनच्या पत्र्याचा कारखाना. राहिलेली अल्कन त्याच २००७ साली रिओ टिंटोकडे गेली. ज्या घरी आपण शिकायला जात होतो, त्या घराचा एक मोठा हिस्सा आता आपल्या नावावर होता.

हे वाचून छाती फुगणं साहजिक आहे, माझीही फुगली होती. पण एक गोष्ट मनातून जात नाही. २०१२ साली नोव्हेलिसनं अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या केनेसॉला नवं संशोधन केंद्र उघडलं, आणि किंग्स्टनच्या संशोधनाचं पर्व संपलं. व्यवहार म्हणून त्यात काही गैर नाही. गिऱ्हाईक आणि मुख्यालय तिकडे असेल तर प्रयोगशाळाही तिकडे जाणार. परंतु कारखाना विकत घेता येतो, पेटंट घेता येतात, यंत्रं ट्रकमध्ये घालून नेता येतात. मॉडेलचं तसं नाही.

मॉडेल म्हणजे सूत्र नव्हे. सूत्र तर १९६१ पासून पुस्तकात आहे, कुणीही वाचावं. त्या सूत्रात घालायचे आकडे (कणाच्या पृष्ठभागाची ऊर्जा किती, अणूंची चाल किती, पुंजका किती अंशांना सुटतो) हे कुणीतरी वर्षानुवर्षं मोजलेले असतात. आणि कुठला आकडा पक्का, कुठला जेमतेम, हे मोजणाऱ्यालाच ठाऊक असतं. पृष्ठभागाच्या ऊर्जेत थोडी चूक झाली तरी कणांच्या जन्माचा हिशोब कित्येक पटींनी चुकतो. संगणक मात्र तेवढ्याच आत्मविश्वासानं रंगीत आलेख काढून देतो. म्हणून नव्या मुलांना मी सांगतो, आलेख बघण्याआधी आकडा कुणी मोजला ते विचारा.

ही मोजणारी पिढी आता थकली आहे. साठ-सत्तरच्या दशकांत पुणे, नागपूर, पवईहून मेटलर्जी शिकून इथे आलेले, हॅमिल्टन, सडबरी, आरव्हिदा, किंग्स्टनला थंडीत भट्ट्यांपाशी उभे राहिलेले काही काका आपल्या गणेशोत्सवात दिसतात. आपण त्यांना नाटकातल्या कामाबद्दल विचारतो, गुडघ्यांबद्दल विचारतो. कामाबद्दल कुणी विचारत नाही. तिकडे बेळगाव-कळव्यालाही अशी माणसं आहेत. कंपन्यांच्या कागदांत तारखा आणि टनांचे आकडे राहतील. कुठला प्रयोग तीनदा फसला आणि चौथ्यांदा का जमला, हे मात्र या माणसांबरोबर जाईल.

तेव्हा माझी एक विनंती. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी इंडाल, अल्कन, इन्को, स्टेल्को किंवा इथल्या कुठल्याही प्रयोगशाळेत काम केलेलं असेल, तर येत्या हिवाळ्यात त्यांच्याकडे एक संध्याकाळ बसा आणि लिहून घ्या. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, अर्धवट लिहा, पण लिहा. कॅनडातल्या मराठी माणसाचा इतिहास आपण मंडळाच्या स्थापनेपासून आणि पहिल्या नाटकापासून सांगतो. त्यात भट्टीसमोर उभ्या राहिलेल्यांचं एखादं पान असावं, एवढंच म्हणणं. लिहिलेलं इथे पाठवलंत तर मी संकलन करायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक हॅमिल्टनकर